उधन्याला हॉटेल काढतोयस, तर ऐक

भाच्या, तू आणि भाचेसून मिळून सुरतेला, तेही उधन्यात, खान्देशी जेवणाचं हॉटेल काढताय असं ताईने फोनवर सांगितलं. पाटीवर ‘फॅमिली रेस्टॉरंट’ लिहिणार म्हणे. लिहा, बरं दिसतं. आमच्या वेळी नुसतं ‘खानावळ’ लिहीत, आणि तेही खडूने. तापीच्या त्या टोकाला मी बरीच वर्षं भाकऱ्या विकल्या. आता धुळ्याला बसून फक्त खातो, त्यामुळे बोलायला मोकळा आहे. न मागता देतोय म्हणून फुकट आहे. पटेल ते स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटव, उरेल त्यात मिरच्या बांध.

१. वर्षाची मिरची इथूनच भरून ने, हिवाळ्यात नवा माल आला की दोंडाईचा नाहीतर नंदुरबारच्या बाजारातून — मधेच मिरची बदलली की रश्श्याचा रंग तोच राहतो, पण जीभ ओळखते, आणि गिऱ्हाईक एक अक्षर न बोलता शेजारच्या गल्लीत जेवायला लागतं. मिरची खळ्यात पारखावी, सोयरा पंगतीत.

२. काळ्या मसाल्याचं खोबरं किती काळं होऊ द्यायचं, कांदा निखाऱ्यावर कुठपर्यंत ठेवायचा, हे सगळं ताईच्या डोळ्यांत आहे. तिच्याजवळ बसून ते किलोत आणि मिनिटांत वहीत उतरवून घे — डोळे तिच्याबरोबर अमळनेरलाच राहणार आहेत.

३. सोनगीरची पितळी पातेली नेतोयस तर ने, तिथल्या तांबटांचा हात चांगला आहे. पण सुरतेत कल्हईवाला कुठे बसतो ते आधी शोध — कल्हई उडालेल्या पितळेत आंबट वरण कळकतं, आणि मग दोष डाळीला देत बसशील.

४. जागा दुपारी बाराला बघ, रात्री साडेनऊला बघ आणि जमलं तर भर पावसात बघ — दलाल फक्त सकाळी दहाची जागा दाखवतो.

५. पिठाचे डबे, मसाले आणि मीटर जमिनीपासून छातीइतक्या उंचीवर ठेव — २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून पाणी सोडलं तेव्हा अर्ध्याहून जास्त सुरत पाण्यात होती. आपलीच तापी आहे ती, पण माहेरच्या माणसांना ओळखेलच असं नाही.

६. बोअरच्या पाण्यात मूठभर तुरीची डाळ शिजवून बघ, मगच जागेचा करार कर — पाणी जड असलं तर डाळ तासभर टणक राहते, गॅस जळतो आणि दुपारची पहिली पंगत वरणाची वाट बघत बसते.

७. करार ११ महिन्यांचा नको, चार-पाच वर्षांचा रीतसर नोंदवून घे — जागेला नाव आपण मिळवून द्यायचं आणि नाव झालं की मालकाच्या मेहुण्याला अचानक हॉटेल काढावंसं वाटतं.

८. एफएसएसएआय, गुमास्ता, महापालिका, अग्निशमन, हे सगळे कागद पाटी रंगवण्याआधी हातात असू देत — पाटी वाचून आधी गिऱ्हाईक येत नाही, इन्स्पेक्टर येतो.

९. घरचं १४.२ किलोचं सिलिंडर ‘आजच्या दिवस’ म्हणूनसुद्धा भटारखान्यात लावू नकोस, १९ किलोचंच घे — बेकायदा तर आहेच, पण आग लागली तर विमावाला सिलिंडरच्या रंगावरच हात झटकतो.

१०. सहा महिन्यांचं भाडं आणि पगार वेगळ्या खात्यात टाकून त्याचं पासबुक भाचेसूनबाईकडे दे — तुझ्याकडे राहिलं तर दुसऱ्याच महिन्यात तुला एसी घ्यावासा वाटेल.

११. गुजरातेत दारूबंदी आहे हे लक्षात ठेवून हिशेब मांड — इकडे जेवण बेताचं असलं तरी परमिट रूमचा गल्ला हॉटेल ओढून नेतो. तिकडे फक्त ताट तारतं. याचा फायदाही आहे. बायका-पोरं घेऊन माणूस रात्री दहाला निर्धास्त येतो, म्हणून ‘फॅमिली’ लिहायला तिकडे खरा अर्थ आहे.

१२. सुरतेच्या माणसाला खाण्यातलं कळत नाही असं चुकूनही समजू नकोस — जेवावं सुरतेत आणि मरावं काशीत, अशी त्यांची जुनी म्हण आहे. ते मरायला तयार असतात, बेचव खायला नाही.

आता थोडं टेक, एका इटालियन माणसाची गोष्ट सांगतो. तुझ्या हॉटेल मॅनेजमेंटच्या पुस्तकात असेलही ती, पण त्यांनी भलतीच ओळ अधोरेखित केली असणार. एत्तोरे बोयार्दी त्याचं नाव, जन्म १८९७, गाव इटलीतलं पिआचेन्झा. पोरवयातच हॉटेलच्या भटारखान्यात लागला आणि सोळाव्या वर्षी, १९१४ मध्ये, बोटीने न्यूयॉर्कला उतरला. भाऊ तिथल्या प्लाझा हॉटेलात आधीच कामाला होता, त्याच्या ओळखीने हाही आत शिरला. आपल्याकडचं पोरगं भुसावळ-सुरत गाडीतून उधन्याला उतरतं आणि आतेभाऊ त्याला लूमवर चिकटवतो, त्यातलाच प्रकार. पुढे क्लीव्हलंड शहरात त्याने स्वतःचं इटालियन रेस्टॉरंट काढलं. लोक जेवून उठताना विचारायला लागले, हा स्पॅगेटीवरचा सॉस घरी न्यायला मिळेल का? याने दुधाच्या रिकाम्या बाटल्या धुतल्या आणि त्यांत सॉस भरून द्यायला सुरुवात केली. मग सोबत कोरडी स्पॅगेटी आणि चीज. १९२८ मध्ये कारखाना झाला. १९३८ मध्ये तो पेनसिल्व्हेनियातल्या मिल्टनला नेला, कारण तिथे आजूबाजूच्या शेतांत टोमॅटो पिकवून घेता येत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या फौजेला त्याचे डबे जात. १९४६ मध्ये त्याने कंपनी विकली, १९८५ मध्ये वारला, आणि आजही अमेरिकेत किराणा दुकानातल्या डब्यावर त्याचा पांढऱ्या टोपीतला हसरा चेहरा आहे.

लोक यातून ‘मोठी स्वप्नं बघा’ वगैरे काढतात. मला त्यात फक्त ती दुधाची बाटली दिसते. आणि ती धुतलेली होती, हेही दिसतं.

१३. ताटात काय उरलं ते मोरीजवळ उभं राहून बघ, आणि गिऱ्हाईक घरी न्यायला काय मागतं ते गल्ल्यावर बसून ऐक — तोंडावर सगळेच ‘मस्त होतं’ म्हणतात; खरं ताट सांगतं आणि पिशवी सांगते. ज्याच्या ताटात उरलं, त्याच्या पोटात राग.

१४. कुणी म्हणालं, भाऊ, हा ठेचा थोडा बांधून द्या, तर पहिली दहा वेळा तसाच दे आणि तारीख टाकून वहीत लिही — दहा वेगवेगळ्या लोकांनी मागितलं तरच बरणीचा विचार करायचा. एकाच माणसाने दहा वेळा मागितलं तर तो फक्त भुकेला आहे.

१५. बरणीत घालायचाच तर काळा मसाला घाल, रस्सा नको — कोरडं टिकतं. ओल्या वाटणाला फ्रीज, तारखा, परवाने आणि झोपेचं खोबरं, सगळंच लागतं.

१६. बोयार्दीने डब्यावर आपलं आडनाव तीन तुकडे करून छापलं, बॉय-आर-डी, अमेरिकन माणसाला उच्चारता यावं म्हणून. तूही पाटीवर वर गुजराती लिपी घे, खाली मराठी — गुजरात्याला नाव वाचता आलं पाहिजे. आपला माणूस तर मसाल्याच्या वासावर येईलच, त्याला पाटी लागत नाही.

१७. तरीपण एक आहे. त्याच्या हॉटेलातल्या ताटाची आणि आज त्याच्या डब्यात मिळणाऱ्या शेवयांची चव एकच असेल, यावर मी पैज लावणार नाही — सगळ्यांना चालेल असं करत गेलं की कुणाला आठवेल असं उरत नाही.

१८. म्हणून तीन पदार्थ ठरव, ज्यांना कुणाच्याही सांगण्यावरून हात लावायचा नाही. माझं मत: शेवभाजी, कळण्याची भाकरी आणि थंडीत भरीत — बाकीचं ताट सुरतेच्या जिभेप्रमाणे वाकलं तरी चालेल, या तिघांवर मांडव उभा आहे.

१९. आणि ‘अस्सल, पारंपरिक, हजारो वर्षांचं’ असलं काही मेन्यूकार्डावर छापू नकोस — आपल्या रश्श्यातली मिरची अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या जहाजांनी आली, शेंगदाणाही तिकडचाच, आणि इटालियन ज्यावर मिरवतो तो टोमॅटोसुद्धा. वांगं तेवढं इकडचं. सगळेच कुठून तरी पोट भरायला आलेले, तूही त्यातलाच.

२०. पोरांसाठी पिझ्झा ठेवू का, असं तू ताईला विचारलंस म्हणे. नको — पिझ्झ्याच्या कंपनीपेक्षा चांगला पिझ्झा तुला जमणार नाही आणि तुझी बट्टी त्यांना जमणार नाही. पोरांना वरण-बट्टीवर तूप सोडून दे आणि बट्टी स्वतःच्या हाताने फोडायला दे. बघ कशी रमतात.

२१. हातावर पीठ खेळवताना बघायचं असेल तर अक्षय्य तृतीयेला खापरावरचे मांडे कर. नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांची कला युनेस्कोने २०१७ मध्ये वारशाच्या यादीत घातली. आपली बाई तळहातावरून कोपरापर्यंत पोळी झुलवत उलट्या खापरावर टाकते ती काही त्याहून हलकी नाही — पण ते वर्षातून चार दिवसच ठेव, कारण मांडे करणारी बाई मिळणं हे आचारी मिळण्यापेक्षा अवघड, आणि आखाजीला तिचंही घर असतं.

भरिताचं थोडं जास्त सांगतो, कारण तिथे सगळे घसरतात.

२२. वांगी आपलीच, फिक्या हिरव्या सालीची, मोठी, कमी बियांची. बामणोदची किंवा आसोद्याची मिळाली तर बघायलाच नको — गुजरात्याला भरीत नवं नाही, त्याच्या घरी रिंगणांचा ओळो असतो. त्याला काळ्या वांग्याचं भरीत दिलंस तर तो म्हणेल, आईच्या हातचं बरं होतं, आणि ते खरंच असेल.

२३. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, केळीलाही मिळालं. हे कार्डावर छापायला हरकत नाही — पण छापलंस तर मग उन्हाळ्यात दुसरंच वांगं त्या नावाने खपवायचं नाही.

२४. गॅसवर भाजू नकोस. शेतात कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांवर भाजतात तसं शहरात जमणार नाही, पण धुराडं असलेली कोळशाची शेगडी जमेल — भरितातला निम्मा स्वाद धुराचा असतो आणि तो नंतर वरून घालता येत नाही.

२५. भाजण्याआधी वांग्याला सुरीने दोन-चार टोचे मार, देठ ठेव — नाहीतर फुटतं, आणि भाजणाऱ्याच्या हनुवटीवर फुटतं.

२६. साल हाताने काढ, पाण्याखाली धरू नकोस — धूर धुऊन जातो. हात भाजतात म्हणून पोऱ्या हळूच नळाखाली धरतो. त्याला ओरडू नकोस, शेजारी एक वाटी पाणी दे बोटं बुडवायला.

२७. ठेचायचं ते लाकडाच्या भांड्यात, मिक्सर दिसेनासा कर — मिक्सरमधून लगदा येतो, आणि लगदा भाकरीच्या तुकड्यावर उभा राहत नाही.

२८. हिरवी मिरची, लसूण, पातीचा कांदा, अख्खे शेंगदाणे, कोथिंबीर, तेल. टोमॅटो नाही — कुणी मागितला तर चिरून बाजूला दे, भांडू नकोस. तिखट विकावं, तिखट बोलू नये.

२९. भरीत चंपाषष्ठीच्या आसपास सुरू करायचं, थंडी संपली की बंद. बाहेर फळ्यावर लिही, ‘भरीत सुरू’ — चातुर्मास पाळणारी घरं चंपाषष्ठीपर्यंत वांग्याला शिवत नाहीत, त्यामुळे तुझी आणि त्यांची भूक एकाच दिवशी जागी होते.

३०. थंडीतच तापीकाठी सुरतेचा माणूस जुवारीचा पोंक खायला जातो, म्हणजे आपला हुरडाच. त्या दिवसांत कळण्याची भाकरी पुढे कर — ज्वारीशी त्याची ओळख आहे, फक्त उडदाशी करून द्यायची आहे.

३१. शेवभाजीत शेव शेवटी, ताट उचलताना. पार्सलमध्ये तर वेगळ्या पुडीतच — पाच मिनिटांत तिचा गिच्चा होतो, आणि घरी पोचल्यावर माणूस शेव शोधत तुला आठवतो.

३२. शेव जाड, कडक, तिखट अशी भाजीचीच घे. चहाबरोबर खायची पातळ शेव स्वस्त मिळते म्हणून घेऊ नकोस — बचत किलोमागे वीस-तीस रुपये आणि बदनामी अख्ख्या सोसायटीत.

३३. तिखटाच्या तीन पायऱ्या ठेव आणि वेटरला विचारायला लाव. धुळ्याच्या चौफुलीवर, जिथे आग्रा रोड आणि सुरत-नागपूर रस्ता एकमेकांना कापतात, तिथल्या धाब्यावर ट्रकवाला खातो ती तिसरी — ती न विचारता वाढलीस तर आजीबाईंना उचकी लागते आणि पुढच्या रविवारी अख्खं कुटुंब येत नाही. कुठे जेवायचं हे घरातली सर्वांत कमी तिखट खाणारी व्यक्ती ठरवते, हे लिहून ठेव.

३४. मटण करायचं की नाही हे पहिल्याच दिवशी ठरव, अधेमधे नको — काळ्या मसाल्याच्या मटणाला आपला माणूस लांबून येईल, पण मग जैन आणि बरीच गुजराती घरं पायरी चढणार नाहीत. दोन्ही हवं असेल तर दोन दारं, दोन भटारखाने, दोन पाट्या. एका कढईत दोन देव नांदत नाहीत.

३५. शाकाहारी ठेवलंस तर पर्युषणात कांदा-लसूण-बटाट्याशिवायचं एक ताट ठेव — वरण-बट्टीला लसूण नसला तरी बिघडत नाही, आणि त्या आठ दिवसांत आलेलं घर वर्षभर येतं.

३६. तेल तळणीत काळं पडेपर्यंत वापरू नकोस. नियमच आहे, २०१८ पासून. तेलातले पोलर घटक २५ टक्क्यांपुढे गेले की ते फेकायचं — आणि नियम नसता तरी दुपारी जेवलेल्या माणसाचा घसा संध्याकाळी साक्ष देतोच. वनस्पती तूप तर आणूच नकोस. हो, विप्रो अमळनेरच्या वनस्पतीच्या कारखान्यातून उभी राहिली, १९४५ मध्ये. ताई हे सगळ्यांना सांगते. तिला सांगू दे, तू शेंगदाण्याचं तेल वापर.

३७. गरम ते वाफाळतं राहू दे, गार ते फ्रीजमध्ये. मधलं कोमट काही ठेवू नकोस, विशेषतः भात — जंतूंना कोमट आवडतं, तेही फॅमिली घेऊन येतात.

३८. १९१० मध्ये मामा काण्यांनी दादरला उपाहारगृह काढलं तेव्हा नावातच ‘स्वच्छ’ घातलं. तू नावात घालू नकोस, पण मोरी अशा जागी बांध की गल्ल्यावरून दिसेल — जे मालकाला दिसतं ते रोज घासलं जातं.

३९. भाकरीला दोन बाया ठेव, एक नाही — एकीचा हात दुखला की पन्नास माणसांचा घास अडतो. मुंबईच्या गिरणगावात कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना उभं करायला प्रेमाताई पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली. तोवर त्यांना दारात उभं करायला सावकारच होता. तुझ्या भाकरीवाल्या बाईचं बँकेत खातं उघडून दे. पगार तिच्या खात्यात, नवऱ्याच्या हातात नाही.

४०. भाकरी वाढणाऱ्याने विचारायचं नाही, बघायचं — ‘अजून एक देऊ का’ म्हटलं की आपला माणूस लाजून नको म्हणतो आणि अर्धपोटी उठतो.

४१. आखाजी, दिवाळी आणि श्रावणात कानबाईचा रविवार, या तीन सुट्ट्या वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर वाटून दे — तुझे आचारीही खान्देशातलेच, त्यांनाही घरी जायचंय. न सांगता गेलेला आचारी उशिरा येतो, सांगून गेलेला भाऊ घेऊन येतो.

४२. दिवाळीनंतर लाभपाचमेपर्यंत सुरतेचा बाजार झोपलेला असतो. त्या दिवसांत हॉटेल उघडं ठेवायचा हट्ट करू नकोस — चुना मार, धुराडं साफ कर, बायकोला घेऊन माहेरी जा.

४३. लूमवाल्यांची पाळी बारा-बारा तासांची. पाळी सुटते त्या वेळेला तुझी भाकरी तव्यावर हवी — त्याला मेन्यूकार्ड नको असतं, बसल्यावर दोन मिनिटांत ताट हवं असतं. ओडिशातल्या गंजामच्या कारागिरांच्या मेस जाऊन बघ. त्यांच्याकडून वेळ शिक, चव तुझी ठेव.

४४. महिन्याच्या मेंबरांचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला घे, अर्धे तरी — महिनाअखेरीला मेंबर गावी जातो आणि गाव लांब असतं. अडलेल्या पोराला जेवू घाल, जरूर घाल, पण ते वहीत ‘धर्म’ म्हणून लिही, ‘उधार’ म्हणून नाही; उधार लिहिलंस की तोही यायचा थांबतो आणि पैसेही.

४५. गावाकडचा आहे म्हणून कुणालाही कामावर घेऊ नकोस, आणि गावाकडचा आहे म्हणून कुणाला कमी पगारही देऊ नकोस — दोन्हीची चर्चा तुझ्याआधी गावात पोचते. नवापूर स्टेशनचं बाकडं अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. आपल्या लोकांच्या गप्पांना तेवढीही सीमा नाही.

४६. भाचेसूनबाई गल्ल्यावर बसणार असेल तर तिचा पगार कागदावर लिही आणि दर महिन्याला दे — ‘आपलंच तर आहे’ म्हणून ज्या बाईला पगार मिळत नाही, तिच्या अकलेचाही हिशेब कुणी करत नाही. आणि तुम्हा दोघांत हिशेब तिला चांगला येतो, उगाच मान खाजवू नकोस.

४७. दोघांनी रोज दुपारी चारला गिऱ्हाइकाच्या टेबलावर बसून, गिऱ्हाइकाचंच ताट जेवायचं — उभ्याने कढईतून चाखलेलं नेहमी चांगलं लागतं.

४८. आठवड्यातून एक दिवस बंद. कुठला ते दाराबाहेर लिही आणि तो बदलू नकोस — पोरांना बाप दिसला पाहिजे, आणि धुराड्यालाही श्वास लागतो.

४९. पहिलं वर्ष नीट गेलं की कुणी तरी येऊन दुसऱ्या शाखेचं बोलेल. त्याला चहा पाज. मुंबईच्या दोन कॉलेजमित्रांनी २०१० मध्ये लंडनला हाउन्स्लोत श्रीकृष्ण वडापाव सुरू केला तो दुसऱ्याच्या आइस्क्रीमच्या दुकानातल्या एका कोपऱ्यात, आधी तो कोपरा चालवला, मग बाकीचं — कोपरा ज्याला सांभाळता आला नाही, त्याला हॉल मोठा दिला तर फक्त झाडायला जास्त लागतं.

५०. शाखा काढलीसच तर मसाला एकाच ठिकाणी कुटायचा आणि दोन्हीकडे न्यायचा — लोक तुझ्या खुर्च्या बघायला येत नाहीत.

५१. उद्घाटनाला पुढारी बोलावू नकोस — एकाला बोलावलं की दुसऱ्याचे कार्यकर्ते जेवायला येत नाहीत, आणि पहिल्याचे पैसे देत नाहीत.

५२. मी येईन. पंख्याखालची जागा धर, तिखट दुसऱ्या पायरीचं सांग, आणि बिल माझंही फाड, सगळ्यांसमोर — मामा फुकट जेवलेला दिसला की संध्याकाळपर्यंत उधन्यात तुला चाळीस मामा निघतील.